फ्रॅटन पार्कवरचा बोजा

१७ फेब्रुवारी २०१२ रोजी आमच्या पोर्ट्समथ फुटबॉल क्लबवर (लाडाचं नाव पॉम्पी) दोन वर्षांत दुसऱ्यांदा प्रशासक, म्हणजे कर्जात बुडालेल्या कंपनीचा कारभार हाती घेणारा नादारी तज्ज्ञ, नेमला गेला आणि लीगने आमचे १० गुण कापले. हंगाम संपला तेव्हा आमच्या नावावर ४० गुण होते. आमच्या लगेच वर, वाचलेल्या बार्न्सलीचे ४८. म्हणजे कपात नसती तर ५० गुणांवर आम्ही चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर, राहिलो असतो. ४६ सामन्यांत खेळाडूंनी मैदानावर जे मिळवलं, ते ऑफिसातल्या कर्जाने काढून घेतलं.

२०१० मध्ये असं झालं नव्हतं. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला पॉम्पी हा प्रशासकाच्या ताब्यात जाणारा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब ठरला. तेव्हा ९ गुण गेले आणि आम्ही १९ गुणांनी तळाला राहिलो. ते ९ गुण परत मिळाले असते तरी २८च झाले असते आणि खाली जाणं टळलं नसतं. त्यामुळे २०१० चा राग मालकांवर होता आणि २०१२ चा नियमावर. दुसऱ्या रागातून काहीतरी उभं राहिलं. एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या संस्थेने क्लब विकत घेतला. त्यासाठी काय करावं लागलं आणि गाडी कुठे कुठे अडली, ते इथे मांडतो आहोत. इंग्लंडमध्ये दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या क्लबच्या समर्थकांना याच वाटेने जावं लागतं.

कर्ज कसं झालं ते थोडक्यात. १७ मे २००८ ला कानूच्या गोलवर कार्डिफला हरवून आम्ही एफए कप जिंकला. त्या संघात डेव्हिड जेम्स, सोल कॅम्पबेल, ग्लेन जॉन्सन, मुंटारी होते. पुढच्या उन्हाळ्यात पीटर क्राउच आला, आणि डिफो तर आधीपासून होताच. आमचं मैदान, फ्रॅटन पार्क, मात्र जेमतेम २० हजारांचं. तिकिटांच्या उत्पन्नातून असे पगार निघत नाहीत, ते मालकाच्या खिशातून किंवा उसनवारीतून निघतात. मालकाने हात आखडता घेतल्यावर २००९-१० या एका हंगामात क्लबने चार मालक पाहिले, पगार पुन्हा पुन्हा थकले आणि कर खात्याने क्लब अवसायनात काढण्यासाठी, म्हणजे कायमचा गुंडाळण्यासाठी, न्यायालयात अर्ज केला. प्रशासकाने काढलेला कर्जाचा आकडा ११ कोटी ९० लाख पौंडांच्या घरात होता.

अशा वेळी समर्थकांची पहिली धाव असते पैसे गोळा करण्याकडे. मैदानाबाहेर डबे फिरतात, जर्सींचा लिलाव होतो, धर्मादाय सामने होतात. भावना खरी असते, पण हे पैसे थेट क्लबच्या खात्यात जाऊ देऊ नका. प्रशासकाच्या ताब्यातल्या क्लबला दिलेली देणगी चालू खर्चात जाते: विजेचं बिल, सामन्याच्या दिवशीचा पोलीस बंदोबस्त, प्रशासकाची स्वतःची फी. कर्ज त्याने एका पेन्सने कमी होत नाही आणि देणाऱ्याला कसलाही हक्क मिळत नाही. प्रशासकाची फी तासाच्या दराने लागते आणि क्लबच्या पैशातून सगळ्यांत आधी तीच निघते, हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

हंगामी तिकिटाचं तंत्र वेगळं आहे. ते घ्यावंच, कारण प्रशासकाला हंगाम पुरा करायला रोकड लागते. पण क्रेडिट कार्डावर घ्यावं. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांपेक्षा महाग वस्तू किंवा सेवा मिळाली नाही, तर कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. क्लब मध्येच बंद पडला तर पैसे बँकेकडून मागता येतात. रोख दिलेल्या माणसाचं नाव मात्र धनकोंच्या यादीच्या शेवटच्या पानावर जातं.

ती यादी प्रत्येक समर्थकाने वाचावी. प्रशासक नेमल्यावर काही आठवड्यांत तो आपले प्रस्ताव आणि धनकोंची यादी प्रसिद्ध करतो. त्यात तीन थर असतात. पहिला थर तारण असलेल्या धनकोंचा, ज्यांचा मैदानावर किंवा इतर मालमत्तेवर बोजा आहे. दुसरा थर फुटबॉलमधल्या धनकोंचा, म्हणजे खेळाडू आणि खेळाडू विकणारे इतर क्लब. त्यांची पै न् पै चुकवल्याशिवाय लीग नव्या कंपनीला सदस्यत्व देत नाही. तिसऱ्या थरात उरलेले सगळे: कर खातं (डिसेंबर २०२० पासून त्याच्या बऱ्याचशा दाव्याला या थराच्या वर अग्रक्रम मिळतो), खाद्यपदार्थ पुरवणारे, छापखानेवाले, सामन्याला प्रथमोपचारासाठी उभे राहणारे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवक, एक स्थानिक स्काउट पथक. २०१० मध्ये या शेवटच्या थराच्या वाट्याला पौंडामागे २० पेन्स आले, तेही पाच वर्षांत. लाखोंचा पगार असलेल्या खेळाडूची थकबाकी पूर्ण आणि स्काउटच्या पोरांना पाचवा हिस्सा. ती यादी वाचताना शहरातल्या लोकांना जी लाज वाटली, ती ९ गुण गेल्यापेक्षा जास्त बोचली. क्लब वाचवायचा तर या माणसांच्या नजरेला नजर देता यायला हवी, हा आग्रह तिथूनच आला.

२० पेन्सच्या या तडजोडीला सीव्हीए म्हणतात. ती मंजूर व्हायला धनकोंच्या मतांपैकी, रकमेच्या हिशेबाने, ७५ टक्के मतं बाजूने लागतात. म्हणून कर खात्याचा दावा नेमका कितीचा धरायचा, यावर मोठी भांडणं होतात. तो एकूण कर्जाच्या चौथाईवर गेला तर एकटं कर खातं तडजोड पाडू शकतं. पॉम्पीच्या प्रकरणात त्यांचा दावा कमी धरला गेला, त्यांनी न्यायालयात आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये ते हरले. तडजोड नसताना क्लब प्रशासकाच्या हातून बाहेर पडला तर वेगळी, जास्त जड शिक्षा असते. लीड्सचे २००७ मध्ये १५ गुण त्याच कारणाने गेले. २००८-०९ मध्ये ल्यूटनचे गेले ३०: त्यातले २० तडजोडीविना बाहेर पडल्याबद्दल आणि १० एजंटांच्या व्यवहारातल्या गैरप्रकारांबद्दल. उणे ३० वरून सुरुवात करून कोणताही संघ वाचत नाही. ल्यूटन लीगमधूनच बाहेर पडला.

आता मैदान. आमच्या सगळ्या लढ्याची किल्ली तिथे होती.

पहिली प्रशासकगिरी ऑक्टोबर २०१० मध्ये संपली तेव्हा क्लब पोर्टपिन या कंपनीकडे गेला. तारण त्यांचंच होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो घेणं अवघडच होतं. जून २०११ मध्ये त्यांनी तो सीएसआय नावाच्या कंपनीला विकला, पण फ्रॅटन पार्कवरचा बोजा स्वतःकडे ठेवला. नोव्हेंबरमध्ये सीएसआयच्या मालकावर लिथुआनियातल्या स्नोरास बँकेच्या प्रकरणात अटक वॉरंट निघालं, सीएसआय स्वतःच प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि तीन महिन्यांत तिच्या मागून आम्हीही. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवल्याशिवाय जमीन घेऊ नये, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंग्लंडमधल्या फुटबॉलवाल्यांना ते वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. क्लब म्हणजे नाव, रंग आणि लीगमधली जागा. मैदान नसेल तर यातलं काहीही शनिवारी तीन वाजता उभं करता येत नाही. म्हणून बोजा ज्याचा, त्याच्या होकाराशिवाय सौदा पुढे सरकत नाही.

समर्थकांची संस्था, पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट, २००९ मध्येच नोंदली गेली होती. नाव ट्रस्ट असलं तरी कायद्याने ती सहकारी संस्था होती: एक सभासद, एक मत, भाग कितीही असोत. पोटनियम नव्याने लिहावे लागले नाहीत. सपोर्टर्स डायरेक्ट नावाच्या देशपातळीवरच्या संघटनेकडे नमुना तयार होता. संस्था आधी आणि संकट मागाहून, हा क्रम आमच्या कामी आला. प्रशासक बोली मागवतो तेव्हा नोंदणी, बँक खातं आणि निवडलेलं संचालक मंडळ तयार नसेल, तर त्याची उभारणी करण्यातच महिने जातात आणि तेवढे महिने कुणी थांबत नाही.

भागाची किंमत १००० पौंड ठेवली होती. २०१२ मध्ये लोकांकडून आधी वचनपत्र आणि सोबत १०० पौंडांची अनामत घेतली गेली. यात एक सापळा आहे. वचन म्हणजे रोकड नव्हे. मेच्या उत्साहात सही करणाऱ्यातला कुणी नोव्हेंबरमध्ये नोकरी गमावलेला असतो, कुणाच्या घरात मतभेद झालेले असतात, कुणाला दुसऱ्या बोलीदाराचं बोलणं पटलेलं असतं. म्हणून हाती वचनं किती आणि त्यातली प्रत्यक्ष रोकड किती होईल, हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात आणि प्रशासकाला दुसराच दाखवावा लागतो. ज्यांना एकट्याने १००० झेपत नव्हते त्यांनी गट केले: कारखान्यातले सहकारी, एका रांगेत बसणारे शेजारी, भाऊ-बहिणी. गटाचा भाग एकाच्या नावावर लागतो, तेव्हा पुढे तो परत द्यायची वेळ आली तर पैसे कसे वाटायचे, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मैत्री आहे म्हणून हे टाळू नये. त्या माणसाचा मृत्यू झाला तर भाग वारसाकडे जातो आणि वारसाला गटाची काहीच माहिती नसते.

पैसे ठेवायचे ते वेगळ्या खात्यात, बोली फसली तर परत करण्याच्या अटीवर. भागविक्रीच्या पत्रकात तीन वाक्यं ठळक असावीत: ही रक्कम पूर्ण बुडू शकते, तिच्यावर लाभांशाची अपेक्षा धरू नये, आणि मनात आलं की ती काढून घेता येणार नाही. काही जण म्हणतात, असं लिहिलं तर लोक बिचकतील. आमच्याकडे दोन हजारांहून अधिक जणांनी हे वाचूनच पैसे भरले. सोबत काही स्थानिक उद्योजकांनी मोठ्या रकमा घातल्या. त्यांच्याविना हिशेब जुळला नसता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नुसत्या हजार-हजार पौंडांवर क्लब घेतला ही कथा ऐकायला छान वाटते, पण ती अर्धीच आहे.

उरलेली फट भरण्यासाठी पोर्ट्समथ नगर परिषदेने १४ लाख ५० हजार पौंडांचं अल्पमुदतीचं कर्ज मंजूर केलं आणि मैदानालगतची जमीन एक विकासक घेणार असं ठरलं. नगर परिषदेकडे जाताना क्लबप्रेमाचं भाषण फारसं चालत नाही. व्याजदर काय, तारण काय, परतफेड कुठून होणार, हे विचारलं जातं. जो करदाता फुटबॉल बघत नाही त्यालाही उत्तर द्यावं लागतं, आणि ते रास्तच आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रशासक ट्रेव्हर बर्च यांनी ट्रस्टला पसंतीचा बोलीदार ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, झालं काम. खरी ओढाताण तिथून सुरू झाली. मैदानाची किंमत ट्रस्टच्या हिशेबाने ३० लाख पौंडांच्या आसपास होती. पोर्टपिनच्या मते ती कितीतरी जास्त होती. एकाच जमिनीचे असे दोन भाव का निघतात? फुटबॉलसाठीच वापरायचं, दुरुस्तीला आलेलं, चहूबाजूंनी घरांनी वेढलेलं मैदान म्हणून किंमत केली तर ती थोडी येते. तीच जमीन घरबांधणीला मोकळी आहे असं धरलं तर आकडा झेप घेतो. म्हणून मूल्यांकन करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा की त्याने जमिनीचा वापर कोणता धरला आहे. अहवालाच्या गृहीतकांचं पान वाचल्याशिवाय शेवटचा आकडा वाचू नये.

१९८६ च्या नादारी कायद्यात प्रशासकाला एक वाट आहे: बाजारभावाची रक्कम बोजाधारकाला मिळेल अशी तजवीज केली, तर न्यायालयाच्या परवानगीने तो त्याच्या संमतीविनाही तारण विकू शकतो. बर्च त्या वाटेने गेले. सुनावणी पुढे पुढे ढकलली जात राहिली आणि तेवढ्यात एक दुसरी बोलीही पुढे आली. ते महिने समर्थकांसाठी सगळ्यांत कठीण होते, कारण मैदानावर काहीच बरं घडत नव्हतं.

ऑगस्ट २०१२ पर्यंत जुने ज्येष्ठ खेळाडू सगळे गेले होते. त्यांचे करार मोडल्याशिवाय प्रशासकाला क्लब चालवणं शक्य नव्हतं. लीग कपच्या पहिल्या सामन्याला प्लिमथमध्ये अकादमीची पोरं उतरली आणि ०-३ ने हरली. नंतर जे खेळाडू आले ते बहुतेक महिन्या-महिन्याच्या करारावर. अशा करारातली अडचण अशी की जो चांगला खेळतो तो जानेवारीत निघून जातो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सलग २३ सामन्यांत विजय नाही, हा क्लबच्या इतिहासातला नकोसा विक्रम त्याच हंगामातला. तरीही घरच्या सामन्यांना सरासरी १२ हजारांच्या आसपास माणसं येत राहिली. ही गर्दी नुसत्या निष्ठेची नव्हती. दर तिकिटाच्या पैशावर प्रशासकाचा पुढचा आठवडा निघत होता, हे स्टँडमधल्या बहुतेकांना ठाऊक होतं आणि घंटेच्या सुरातला ‘प्ले अप पॉम्पी’चा गजर कमी झाला नाही.

१० एप्रिल २०१३ ला लंडनच्या उच्च न्यायालयात, सुनावणीच्याच दिवशी, तडजोड झाली: फ्रॅटन पार्क ३० लाख पौंडांना. १९ एप्रिलला व्यवहार पूर्ण झाला. मधल्या दिवसांत जे उरकावं लागतं ते बाहेर कुणाला दिसत नाही: नव्या संचालकांची लीगकडून पात्रता तपासणी, पुढच्या हंगामांचं अंदाजपत्रक, फुटबॉलमधल्या धनकोंच्या परतफेडीचं वेळापत्रक, आणि लीगमधला ‘गोल्डन शेअर’ नव्या कंपनीच्या नावावर करून घेणं. हा एक भाग हाती नसेल तर मैदान, खेळाडू, जर्सी सगळं असूनही क्लबला सामने मिळत नाहीत.

आणि प्रशासकाच्या ताब्यातून बाहेर पडताच, आधीच सांगून ठेवलेले आणखी १० गुण गेले. ४२ चे ३२ झाले. त्या वर्षी आम्ही असेही खाली जात होतो, म्हणून ती कपात कोरडी गेली. पण तिचा अर्थ मनाला लागला. कर्ज करणारे केव्हाच निघून गेले होते आणि शिक्षा भोगायला उभी होती ती माणसं, ज्यांनी स्वतःचे हजार हजार पौंड घालून देणी फेडायची जबाबदारी घेतली होती. ९, १० आणि १०, मिळून २९ गुण.

हा नियम मुळात का आला हेही सांगितलं पाहिजे, कारण आमच्यातल्या अनेकांना ते मान्य करायला जड जातं. २००२ मध्ये लेस्टर प्रशासकाच्या ताब्यात गेला, कर्जातून हलका झाला आणि त्याच हंगामात वरच्या गटात चढला. ज्या क्लबांनी पगार वेळेवर दिले, करही भरले, ते मागे राहिले. त्यांचा संताप रास्त होता आणि २००४ पासून १० गुणांची शिक्षा आली. मग लीड्सने २००७ मध्ये, खाली जाणं जवळपास निश्चित झाल्यावर प्रशासक आणला, म्हणजे कपातीचा उपयोगच उरला नाही. म्हणून मार्चअखेरची मुदत आली: त्यानंतर प्रशासक आला आणि क्लब तसाही खाली गेला, तर गुण पुढच्या हंगामात कापायचे. शेजारच्या साउदॅम्प्टनने २००९ मध्ये ‘प्रशासक पालक कंपनीवर आहे, क्लबवर नाही’ असा युक्तिवाद केला. लीगने तो फेटाळला. २०१५ पासून ही कपात १२ गुणांची झाली आहे. शिक्षा असावी हे आम्हाला मान्य आहे. पण क्लबमधून बाहेर पडलेल्या मालकाला तिची झळ लागत नाही, तोवर ती चुकीच्या माणसाला बसते, हे मतही आम्ही सोडलेलं नाही. डर्बीचे २०२१ मध्ये २१ गुण गेले: १२ प्रशासक आल्याबद्दल आणि ९ हिशेबाच्या नियमभंगाबद्दल. बरीला तर २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून काढूनच टाकलं, आणि तिथेही गिग लेन या मैदानावर कर्जाचा बोजा होताच.

पुढच्या हंगामासाठी, चौथ्या पातळीवर, दहा हजारांहून जास्त हंगामी तिकिटं विकली गेली. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस, घेतल्यापासून अठरा महिन्यांत, जुनी देणी फिटल्याचं जाहीर झालं. त्यात प्रीमियर लीगमधून खाली आल्यावर मिळणाऱ्या ‘पॅराशूट’ रकमेचा मोठा वाटा होता. माजी खेळाडूंची थकबाकी मुख्यतः त्यातूनच गेली. ज्या क्लबला अशी रक्कम येणं नाही, त्याच्या समर्थकांनी आमचे अठरा महिने प्रमाण मानू नयेत. मे २०१७ मध्ये लीग टू, म्हणजे ती चौथी पातळी, जिंकली. त्याच वर्षी मायकेल आयस्नर यांच्या टोर्नान्टे कंपनीने बोली दिली आणि भागधारकांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांनी विक्रीच्या बाजूने मत दिलं. किंमत ५६ लाख ७० हजार पौंड. कारण पुन्हा मैदानच होतं: जुन्या स्टँडच्या दुरुस्तीला जो पैसा लागणार होता तो सभासदांच्या भागांतून उभा राहण्यासारखा नव्हता. विरोधात मत देणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं, मताचा हक्क एकदा विकला की परत मिळत नाही.

पुण्यातल्या वाचकांना २०१९ आठवत असेल. एफसी पुणे सिटी बंद पडला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. तिथे समर्थकांना असा लढा देताच आला नसता. क्लब फ्रँचायझी होता, बालेवाडीचं मैदान सरकारी होतं, धनकोंची उघडी यादी नव्हती की बोली मागवणारा प्रशासक नव्हता. हात घालायला जागाच नव्हती.

इंग्लंडमध्ये ती आहे, आणि संकट यायच्या आधीच तिचा उपयोग करावा. कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाकावं आणि ‘चार्जेस’चं, म्हणजे बोजांचं, पान उघडावं. ते फुकट आहे. बोजा कुणाचा, कोणत्या तारखेचा, फिटला की नाही, हे तिथे दिसतं. मैदान भलत्याच कंपनीच्या नावावर असेल तर तिचंही पान बघावं आणि जमीन नोंदणी कार्यालयातून थोडी फी भरून उतारा काढावा. वर्षाचे हिशेब मुदतीत दाखल झालेत का हेही पाहावं. ते उशिरा येऊ लागले की ट्रस्टने लेखी प्रश्न विचारायची वेळ झाली. २०११ च्या स्थानिकता कायद्याखाली मैदानाची नगर परिषदेकडे ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंद करता येते. मे २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कसाम स्टेडियमची अशी नोंद झाली, ते पहिलं. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढलं आणि सहा आठवड्यांत स्थानिक गटाने इच्छा कळवली, तर एकूण सहा महिने त्याला विक्री थांबवावी लागते. शेवटी तुम्हालाच विकण्याचं बंधन त्याच्यावर नाही, पण बोली उभी करायला तेवढे महिने हातात येतात. २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने घरचं मैदान विकण्यासाठी स्वतंत्र नियामकाची मंजुरीही आवश्यक केली आहे. पाच वर्षं संपत आली की नोंदीचं नूतनीकरण ट्रस्टच्या सचिवाच्या दिनदर्शिकेत असायला हवं. ती आपोआप होत नाही आणि नगर परिषद आठवण करून देईल यावर विसंबू नये.